पान लावणाऱ्यासाठी सूचना

“जरा हे टोक धरता का?” जिन्यातला माणूस म्हणाला.

मी भांडायला निघाले होते, आणि हा मला चिकटपट्टीचं टोक धरायला सांगत होता! पहिल्या मजल्याच्या वळणावर तो ‘लिफ्ट बंद आहे’ असा कागद भिंतीला लावत होता. बाहेर सकाळपासून पाऊस होता, माझ्या चपला पचपच वाजत होत्या, हातात साप्ताहिकाचा ताजा अंक होता आणि डोक्यात नुसता जाळ. तरी मी टोक धरलं. का धरलं, देव जाणे.

“एवढ्या रागात कुठे निघालात?”

“तिसऱ्या मजल्यावर. तिथे साप्ताहिकाची पानं कोण लावतं, ठाऊक आहे तुम्हाला?”

“का हो? काय केलं त्यानं?”

कुणी विचारायचाच अवकाश होता.

“काय केलं? त्या गाढवानं माझ्या कादंबरीत पदरच्या चार ओळी घुसडल्या! चार वर्षं मी यांच्याकडे क्रमशः लिहितेय. दर सोमवारी प्रकरण पाठवते, एक खाडा नाही. आणि आज अंक उघडते तर काय, माझ्या नायिकेच्या तोंडी मी न लिहिलेली वाक्यं! उद्या मी याच्या घरी जाऊन याच्या भिंतींना मला हवा तो रंग फासू का? चालेल याला?”

“रंग कोणता, त्यावर आहे.”

“तुम्ही हसताय?”

“छे छे! मी... कात्री शोधतोय.”

कात्री त्याच्या काखेत होती. मी ती ओढून काढली, पट्टी कापली आणि जिना चढायला लागले. तोही मागून आला.

“नाही, म्हणजे असं झालं असेल,” तो म्हणाला. “गादीवाल्यांनी ऐन वेळी जाहिरात लहान केली असेल. मग पान चार ओळींनी रिकामं पडलं. कोरं तर सोडता येत नाही...”

“मग नक्षी टाकायची! वेलबुट्टी टाकायची! पण नाही, याला लेखक व्हायचंय. उचलली जीभ, लावली टाळ्याला!”

दुसरा मजला. तिसरा मजला. मी बोलत होते आणि तो ऐकत होता, मधूनच ‘हो ना’, ‘खरंय’ म्हणत होता. वर त्यानं काचेचं दार उघडून धरलं.

“चहा घेणार?”

“मला चहा नकोय, मला तो माणूस हवाय!”

“मीच तो,” तो म्हणाला, आणि माझ्या हातातल्या कात्रीकडे बोट दाखवलं. “आहेच तुमच्याकडे. काय कापायचं ते कापा.”

दोन मजले मी याच्याच तोंडावर यालाच शिव्या घातल्या होत्या, आणि पठ्ठ्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती!

आता त्या चार ओळींबद्दल सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा. माझ्या कादंबरीचा नायक तीन वर्षांनी परत येतो. न सांगता गेलेला, न सांगता आलेला. नायिका दार उघडते. मी लिहिलं होतं: ‘दारात तो उभा होता. तिच्या ओठांतून शब्द फुटेना... डोळे मात्र वाहू लागले.’ संपलं प्रकरण. पण अंकात त्याच्या खाली हे छापलं होतं:

‘आणि तिनं दार लावून घेतलं.

“अगं, ऐक तरी...” तो बाहेरून म्हणाला.

“ऐकीन. मी इतके दिवस थांबले, आता तू थांब.

मला आधी नीट चिडून घेऊ दे.”’

आई घरी शिवणाचे क्लास घेते. तिच्या सहा विद्यार्थिनींना माझं प्रकरण वाचून दाखवायची तिची पद्धत आहे. त्या ओळी ऐकल्या आणि सहाच्या सहा शिलाई मशिनं थांबली. आईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हे तू लिहिलंस? कधी नव्हे ते बरं लिहिलंयस गं.”

कधी नव्हे ते! एकोणीस कादंबऱ्या मी त्याच घरात, इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहिल्यात. बाकी सगळी जागा मशिनांनी खाल्लीय म्हणून. प्रत्येक वाक्य स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून बघितलंय, जिभेला अडलं की पुन्हा लिहिलंय. आणि कधी नव्हे ते बरं म्हणे!

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला या जगात कुणीही काहीही ऐकवू शकतं. भावोजी विचारतात, “काय, तुमचं ते गुलूगुलू कसं चाललंय?” आतेबहीण माझी पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचते, लोकांना दिसू नये म्हणून, आणि शेवट नाही आवडला तर मला फोन करून झापते. बँकेतल्या बाई म्हणतात, “अजून लग्न नाही? मग एवढं प्रेमाचं कसं काय सुचतं?” खुनाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला विचारा की, किती मुडदे पाडलेस म्हणून! माझ्या कामातलं काम कुणाला दिसतच नाही. दोन माणसं एका खोलीत आणायची, त्यांना बोलू द्यायचं, आणि वाचणारीला वाटलं पाहिजे की आता यांनी एकमेकांना सोडू नये. करून बघा एकदा.

तर असा सगळा साठलेला राग घेऊन मी त्याच्या टेबलापाशी उभी होते. त्यानं खालच्या खणातून एक जाडजूड फाईल काढली.

“ओळी माझ्या नाहीत,” तो म्हणाला. “तुमच्याच आहेत.”

“चोराच्या उलट्या बोंबा!”

त्यानं एक पान माझ्यापुढे सरकवलं. प्रकरणाबरोबर मी दर वेळी एक वेगळं पान पाठवते, वर ‘पान लावणाऱ्यासाठी सूचना’ असं लिहून. कोण वाचतं, वाचतं का, मला कधी ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचं ते पान होतं. ‘अहो, छापण्याआधी तपासायची पानं तुम्ही तीन दिवस उशिरा पाठवलीत आणि वर “लगेच परत करा” म्हणता? मी इतके दिवस थांबले, आता तुम्ही थांबा. मला आधी नीट चिडून घेऊ द्या. मग तपासते.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझं वाक्य माझ्यासमोर होतं आणि मी ते ओळखलं नव्हतं. आपण लिहितो ते कादंबरीत, बाकीचं काय, नुसता त्रागा, असं मी धरून चालले होते.

तो पुढची पानं काढत गेला. ‘मागच्या अंकात माझ्या नायिकेच्या हुंदक्याखाली मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात लावलीत. तुम्हाला लाज वाटली का? मला वाटली.’ ‘तो स्वल्पविराम मी दोन दिवस विचार करून घातलाय. त्याला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे.’ ‘नायक पायरीवर बसला आहे आणि चित्रात घोड्यावर आहे. घोडा कुणाचा?’

“सगळ्या चिठ्ठ्या ठेवल्यात?” मी विचारलं.

“सगळ्या. सोमवारी आधी चिठ्ठी वाचतो, मग प्रकरण.” त्यानं फाईल मिटली. “अंकात न विचारता घातल्या, ते चुकलंच. पान जायला दहा मिनिटं होती, तुमचा फोन लागेना... पण चुकलं. माफ करा. आणि... एक विचारू?”

“विचारा.”

“तुम्ही इतक्या झकास चिडता. मग तुमच्या नायिका का नाही हो चिडत? एकोणीस जणी झाल्या. नुसत्या रडतात.”

“तुम्ही तुमच्या गाद्या सांभाळा!” मी म्हणाले, कात्री टेबलावर आपटली आणि थेट संपादकबाईंच्या खोलीत गेले.

संपादकबाईंनी चष्मा कपाळावर सारला. त्यांच्याकडेही सकाळपासून वाचकांचे फोन येत होते, ‘ती दार उघडते की नाही’ एवढं एकच विचारणारे.

“कादंबरी तुमची, हक्क तुमचा,” त्या म्हणाल्या. “म्हणत असाल तर खुलासा छापते, त्या ओळी चुकून पडल्या म्हणून. शेवटचं प्रकरण तुमच्याकडे तयार आहे ना? तेच लावू. नाहीतर मग नवीन लिहा. दार तुमच्या नायिकेनं लावलंय, तुम्हालाच उघडावं लागेल. गुरुवारी बाराला पानं छपाईला जातात.”

तयार होतं. इस्त्रीच्या टेबलाच्या खणात पडलं होतं, ‘ती त्याच्या मिठीत विसावली’ या वाक्यासकट. घरी येऊन मी ते वाचलं आणि मला इतकी चीड आली की काय सांगू. तीन वर्षं! तीन वर्षं तो गायब होता, आणि ही बया विसावली?

त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. का नाही चिडत म्हणे. उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा इंजिनियर, नीटनेटका. एकदा मी चिडले. कारण खरं होतं, त्यानं मला न विचारता माझ्या हस्तलिखिताची पाठकोरी पानं हिशेबाला वापरली होती. मी बोलत असताना तो मधूनच उठला. “शांत झालीस की फोन कर,” म्हणाला आणि गेला. मी शांत झाले, चार दिवसांनी फोन केला. तोवर त्याचं दुसरीकडे बोलणं सुरू झालं होतं. त्यानंतर मी एकाही नायिकेला चिडू दिलं नाही. सगळ्या गुणी, सगळ्या सोशिक, आणि सगळ्यांची शेवटच्या प्रकरणात लग्नं लावली. मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करतेय.

मी खणातलं प्रकरण फाडलं. आई दारातून म्हणाली, “अगं, कागद तरी जपून फाड, कापडाच्या मापाला होतील.”

मंगळवारी दुपारी फोन वाजला.

“मी पानं लावणारा. किती ओळी होतील?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“जागा ठेवायला हवी ना. किती चिडणार आहे ती?”

“पुष्कळ.”

“मग गादीवाल्यांना सांगतो, सरका म्हणून.”

मला हसू फुटलं. मी ते खोकल्यावर नेलं. बुधवारी पुन्हा फोन.

“चिडतेय का अजून?”

“आत्ता कुठे रंगात आलीय.”

“आणि तो? बाहेरच?”

“बाहेरच. पाऊस पण पाडलाय मी त्याच्यावर.”

“बिचारा... बरं, तुम्ही जेवलात का?”

“ते पण पानात बसवायचंय का?” मी म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर उगाचच फोनकडे बघत राहिले. आईनं कैची चालवता चालवता विचारलं, “कोण गं?” मी म्हणाले, “कुणी नाही, ऑफिसमधून.” आई म्हणाली, “मग गालातल्या गालात हसतेयस कशाला?”

गुरुवारी सकाळी सव्वादहाला मी प्रकरण घेऊन स्वतः गेले. लिफ्ट बंदच होती. तो एकटाच होता टेबलापाशी. त्यानं पानं घेतली आणि वाचायला लागला. मी उभी राहिले. समोर बसून कुणी माझं वाचतंय हे मी कधी पाहिलंच नव्हतं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. एका जागी तो हसला, एका जागी त्यानं डोळे चोळले आणि चष्मा नसलेल्या नाकावर चष्मा सारखा केला. मग शेवटचं पान उलटून मागे बघितलं.

“भन्नाट आहे,” तो म्हणाला. “पण शेवट?”

“नाही.”

“घरी राहिला?”

“राहिला नाही. मला येत नाही!”

“एकोणीस शेवट लिहिलेत तुम्ही.”

“ते न चिडलेल्या बायकांचे होते!” माझा आवाज चढला. “ही चिडलीय. सात पानं चिडलीय. आता पुढे काय होतं? बाई चिडून झाल्यावर काय होतं, ते मला माहीतच नाही. तोवर कुणी थांबलेलंच नाही.”

हे मला बोलायचं नव्हतं. बोलून गेले. खिडकीबाहेर पाऊस पडत होता, पलीकडच्या टेबलावर पंख्यानं कागद फडफडत होते. त्यानं एक खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर ठेवली.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “म्हणजे... हे असं सांगायचं नव्हतं, पण... गेली चार वर्षं. सोमवारची वाट बघतो मी.”

माणसानं प्रेमाची कबुली दिली की बाईनं काय करावं, हे मी एकोणीस वेळा लिहिलंय. मान खाली घालावी, पापण्या थरथराव्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी आवडते? मला पाहिलंत कधी तुम्ही? आत्ता परवा-परवा, जिन्यात! तुम्हाला चिठ्ठ्या आवडतात. झणझणीत आहेत ना, वाचायला मजा येते! त्या पाठवल्यावर मी काय करते माहितीय? दिवसभर घाबरून असते, जास्त बोलले का, आता हे माझं लिखाण बंद करणार का म्हणून. चिठ्ठीतली बाई कुणाला भीत नाही. मी भिते! भावोजींना उलट बोलता येत नाही मला. आईला अजून सांगितलं नाही की ते ‘कधी नव्हे ते’ मला किती लागलंय. आणि तू चार वर्षं इथे बसून हसत होतास? एकदा उत्तर लिहायला काय झालं होतं रे तुला? एक ओळ! ‘वाचलं’ एवढं तरी! मला वाटायचं भिंतीशी बोलतेय मी!”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलं नाही. संपादकबाईंनी काचेतून डोकावून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. मी थांबले नाही. आठ वर्षांचं होतं, एकदम थोडंच संपणार? इंजिनियर आला, बँकेतल्या बाई आल्या, वर्तमानपत्राची कव्हरं आली, मूळव्याधीचं मलम आलं.

बोलता बोलता तो उठला.

मी वाक्य अर्धवट सोडलं. मला वाटलं, झालं. हाही चालला.

तो खिडकीपाशी गेला. पावसाची झड माझ्या पानांवर येत होती. त्यानं खिडकी लावली, पानं टेबलाच्या आतल्या बाजूला सरकवली, आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसला.

“मलमापर्यंत आला होतात,” तो म्हणाला. “पुढे?”

थोडं राहिलं होतं तेही बोलले, पण हळू आवाजात. ‘शांत व्हा’ तो एकदाही म्हणाला नाही. फक्त एवढंच म्हणाला, “उत्तर लिहिलं होतं मी. पुष्कळदा. तुमच्या भाषेपुढे पाठवायचं धाडस नाही झालं. पण भिंत वाटत होते हे... हे वाईट झालं. माझं चुकलं.”

मग माझ्याकडचे शब्द संपले. मी वाट बघत बसले. आता रडू येईल, मला वाटलं. माझ्या नायिकांना येतं. पण रडू येईना, लाजही वाटेना. पोटात नुसता खड्डा पडला होता. सकाळपासून पाण्याशिवाय काही पोटात गेलं नव्हतं.

“मला भूक लागलीय,” मी म्हणाले.

“मलाही. मघापासून. पण तुमचं चाललं होतं.”

मी त्याच्याकडे बघितलं. खरंच, तो भुकेला दिसत होता. मी त्याच्या टेबलावरचं पेन उचललं आणि शेवटच्या पानाच्या तळाशी उभ्यानंच लिहिलं:

‘तिनं दार उघडलं. तो पायरीवर बसला होता, पार भिजलेला. गेला नव्हता.

“संपलं?” त्यानं विचारलं.

“आजच्यापुरतं. आत ये. भूक लागलीय मला.”’

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पान लावायला बसला, आणि मी शेजारी बसून त्याच्या डब्यातली उकडलेली अंडी सोलायला लागले. बाराला पाच मिनिटं कमी असताना पानं गेली. त्यानं हात वर करून आळस दिला आणि माझ्याकडे वळला.

“मला तू आवडतोस,” मी म्हणाले. आवाज अजून भांडणातलाच होता. “पण परत माझ्या मजकुराला न विचारता हात लावलास, तर याद राख.”

त्याचे कान लाल झाले. “नाही लावणार,” तो म्हणाला, आणि मग चाचरत, “आणि... तुमच्या हाताला?”

“ते विचारून,” मी म्हणाले.

त्यानं विचारलं.